गाडी तीच, की नाव तेच? : 'ओल्ड नंबर वन' बेंटलीच्या मालकीचा माग

#धागा

२७ जुलै १९९०. लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन एका मोटारगाडीविषयी निकाल देत होते. त्याच वर्षी ७ एप्रिल रोजी एका गृहस्थांनी आपली जुनी बेंटली १ कोटी पौंडांना विकण्याचा करार केला होता. घेणारी कंपनी जपानी मालकीची, पण ब्रिटनमध्ये नोंदलेली होती. पुढे तिने हात आखडता घेतला आणि कारण असे दिले, की तुम्ही विकत आहात ती गाडी तुम्ही म्हणता ती गाडीच नव्हे. विकणारे न्यायालयात गेले. 'हबर्ड विरुद्ध मिडलब्रिज सिमिटर' या नावाने हा खटला ओळखला जातो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा खटला जरूर वाचावा, असे मला वाटते. मोटारींचे वेड नसले तरी चालेल. एखादी वस्तू 'तीच' आहे असे आपण कशाच्या बळावर म्हणतो, हा प्रश्न तलवारीला, वाड्याला, दप्तरातल्या पत्राला लागू होतो. इथे तो एका न्यायाधीशासमोर आला, त्यावर साक्षीपुरावे झाले आणि उत्तरावर १ कोटी पौंड अवलंबून होते. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचा.

आधी गाडीची पार्श्वभूमी. वॉल्टर ओवेन बेंटली यांनी १९१९ मध्ये कंपनी स्थापन केली आणि लंडनच्या क्रिकलवुड भागात कारखाना उभा राहिला. १९३१ पर्यंत तिथे सुमारे ३,००० गाड्या तयार झाल्या. गाड्या उत्तम होत्या, हिशेब मात्र कधीच जुळला नाही. १९२६ मध्ये वुल्फ बार्नाटो हा तरुण कंपनीत पैसा घालून अध्यक्ष झाला. त्याचे वडील बार्नी बार्नाटो दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या खाणींतून गबर झालेले. मुलाकडे पैसा होता, वेळ होता आणि गाडी चालवण्याचे विलक्षण अंग होते. फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तो तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला.

त्यांपैकी दोन विजय एकाच गाडीचे, किंवा एकच म्हणवल्या जाणाऱ्या गाडीचे. 'स्पीड सिक्स' जातीची, साडेसहा लिटर इंजिनाची बेंटली. चासी क्रमांक एलबी २३३२, नोंदणी क्रमांक एमटी ३४६४. १९२९ च्या ल मान्समध्ये तिच्यावर '१' हा आकडा होता. बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी ती चालवली आणि जिंकली. मागोमाग दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावरही बेंटलीच होत्या. १९३० मध्ये बार्नाटोने ग्लेन किडस्टनच्या जोडीने पुन्हा बाजी मारली. तेव्हापासून ती 'ओल्ड नंबर वन'.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, नाहीतर पुढचे सारे प्रकरण चमत्कारिक वाटेल. त्या काळी बेंटलीसारखी कंपनी अख्खी गाडी विकत नसे. ती चासी विकत असे: पोलादी सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, आस, चाके. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बसवून घेई. व्हॅन्डेन प्लास, गर्नी नटिंग, एच. जे. मलिनर हे त्यांतले नामांकित. म्हणजे एका गाडीचे जन्मदाते पहिल्या दिवसापासूनच दोन. बॉडी उतरवून दुसरी चढवणे ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट होती. त्यात कुणाला फसवणूक दिसत नसे.

शर्यतीच्या गाडीचे आयुष्य तर याहून निराळे. कारखान्याच्या शर्यत विभागासाठी ती एक अवजार असते. हंगाम संपला की उघडायची, झिजलेले काढायचे, सुधारलेले बसवायचे. सुतार रंध्याचे पाते बदलताना रंध्याच्या ओळखीचा विचार करत नाही. ओल्ड नंबर वनचेही तसेच झाले. १९२९ ची गाडी १९३० मध्ये जशीच्या तशी उरली नव्हती आणि १९३० ची १९३१ मध्ये.

१९३१ च्या जुलैत बेंटली कंपनी बुडाली. वर्ष सरण्यापूर्वी रोल्स-रॉइसने ती सव्वा लाख पौंडांच्या आसपास विकत घेतली. किडस्टन त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत विमान अपघातात गेला. गाडी मात्र बार्नाटोच्या पदरी राहिली आणि शर्यतीत धावत राहिली. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात ब्रुकलँड्स नावाचे काँक्रीटचे शर्यतमैदान होते. त्याच्या वळणांवरचा रस्ता भिंतीसारखा तिरपा उभारलेला, वेगाने येणाऱ्या गाडीला कुशीत घेणारा. १९३१ च्या शरदात तिथल्या ५०० मैलांच्या शर्यतीत जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी हिच्यावर विजय मिळवला.

पुढच्या वर्षी गाडीत ८ लिटरचे इंजिन बसवण्यात आले. चासीही बदलली: बेंटलीच्या '४ लिटर' जातीचा सांगाडा घेतला गेला. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुन्हा तीच ५०० मैलांची शर्यत. आधी जॅक डनफीने गाडी चालवली, मग त्याचा धाकटा भाऊ क्लाइव्ह चाकावर बसला. काही वेळाने तिरप्या वळणाच्या वरच्या कडेवर गाडीचा ताबा सुटला आणि ती कड ओलांडून पलीकडे गेली. क्लाइव्ह डनफी जागीच ठार झाला. त्याची पत्नी जेन बॅक्स्टर ही नाट्यचित्रसृष्टीतली अभिनेत्री.

या अपघाताकडे धाग्याच्या शेवटी पुन्हा यायचे आहे.

शर्यतीचे आयुष्य तिथे संपले. बार्नाटोने गाडी दुरुस्त करवून घेतली आणि रस्त्यावर वापरण्याजोगी कूपे बॉडी तिच्यावर चढवली. नंतर ती खाजगी हातांतून फिरत राहिली आणि कालांतराने तिच्यावर पुन्हा शर्यतीच्या धाटणीची उघडी बॉडी आली. १९९० पर्यंत जुन्या गाड्यांच्या बाजाराला अशी काही भरती आली होती, की साध्या माणसांनीही कोठारातल्या पत्र्यांकडे निराळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली. ती भरती त्याच सुमारास ओसरू लागली. खरेदीदाराच्या मनात शंका नेमकी याच वेळी का उपजली असावी, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आता खटला थोडा बाजूला ठेवू. अशा गाडीच्या मालकीचा माग लावतात तरी कसा?

ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटारगाडी कायद्याने १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक गाडीची नोंदणी सक्तीची झाली. नोंदणीचे काम परगण्यांच्या आणि मोठ्या शहरांच्या कौन्सिलांकडे होते आणि प्रत्येकीला स्वतःची अक्षरे होती. एमटी ही मिडलसेक्सची. क्रिकलवुडला लागून असलेला मुलूख त्याच परगण्यात येई. कौन्सिलच्या जाड नोंदवहीत मालकाचे नाव, पत्ता, गाडीचा प्रकार, रंग, वजन आणि वापर लिहिला जाई. १९२० च्या रस्ते कायद्यानंतर, १९२१ पासून, गाडीसोबत लॉगबुक आले. गाडी विकली की नव्या मालकाचे नाव त्यात चढे आणि कौन्सिलचा शिक्का पडे. आपल्याकडच्या सातबाऱ्यावरच्या फेरफाराची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

लॉगबुकची गोम अशी, की त्यातल्या जागा भरल्या म्हणजे नवे पुस्तक मिळे आणि जुने जाई. संशोधकाच्या हाती येते ते बहुधा शेवटचे पुस्तक. त्याआधीच्या मालकांसाठी कौन्सिलच्या नोंदवहीकडे वळावे, तर १९७४ पासून नोंदणीचे काम वेल्समधल्या स्वान्सी येथील केंद्राकडे गेले आणि ठिकठिकाणच्या वह्या अडगळ ठरल्या. काही परगण्यांनी त्या आपल्या दप्तरखान्यात जपल्या, काहींनी रद्दीत काढल्या. एखाद्या गाडीचा इतिहास सलग मिळतो आणि शेजारच्या परगण्यातल्या गाडीचा मिळत नाही, याचे कारण कित्येकदा एवढेच असते, की कुणा कारकुनाला जागा रिकामी करायची होती. दप्तरखान्यांत वावरणाऱ्यांना हे नवे नाही.

३० नोव्हेंबर १९८३ पर्यंत ज्या जुन्या गाड्या संगणकावर चढल्या नाहीत, त्यांचे क्रमांकही खुंटले. पुढे पुराव्यानिशी अर्ज करून जुना क्रमांक परत मिळवण्याची योजना आली आणि तेव्हापासून लोक वीतभर कागदासाठी काय काय उचकटू लागले! जुनी कर-पावती, विम्याचा कागद, गॅरेजची बिले. आणि सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे घरातल्या अल्बममधला एखादा फोटो, ज्यात आजी गाडीच्या पुढ्यात उभी आहे आणि तिच्या स्कर्टमागून क्रमांकाची पाटी अर्धी डोकावते आहे.

पाटीवर मात्र पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. ब्रिटनमध्ये क्रमांक एका गाडीवरून काढून दुसरीवर नेता येतो. म्हणून चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक पाहायचे, ते कारखान्याच्या कागदांशी ताडायचे आणि मगच मालकांची साखळी ओवायची. शिवकालीन पत्र तपासताना आपण माथ्यावरची मुद्रा पाहतो, शेवटची मर्यादा-मुद्रा पाहतो, तारीख पडताळतो, हस्ताक्षर आणि मायना पाहतो. एकाच खुणेवर विसंबत नाही. मोटारींचे संशोधकही नेमके हेच करतात.

साखळीतली फट दिसली की लगेच संशय घेऊ नये, हेही सांगायला हवे. १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये खाजगी गाड्यांना मिळणारे पेट्रोलचे साधे रेशन बंद झाले. युद्धाच्या त्या वर्षांत असंख्य गाड्या ठोकळ्यांवर चढवून झाकून ठेवल्या गेल्या. तेव्हाच्या नोंदी नसणे हीच त्या काळाची नोंद आहे.

कागद ताडून पाहिले नाहीत तर काय होते, याचे फार गमतीदार उदाहरण याच बार्नाटोच्या दुसऱ्या एका गाडीचे आहे.

मार्च १९३०. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून कॅलेकडे जाणारी 'ब्लू ट्रेन' ही त्या काळातली श्रीमंती आगगाडी. बार्नाटोने पैज लावली, की कॅन येथून ही आगगाडी सुटेल तेव्हा आपणही निघू आणि ती कॅलेला पोचण्यापूर्वी लंडनमधल्या आपल्या क्लबात असू. सोबतीला गोल्फपटू डेल बर्न. रात्रभर पाऊस आणि धुके, वाटेत पेट्रोलची शोधाशोध, पॅरिसच्या आसपास टायर पंक्चर. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास ते बुलोनला पोचले, बोटीने खाडी ओलांडली आणि दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या कॉन्झर्व्हेटिव्ह क्लबापुढे गाडी उभी केली. आगगाडी कॅलेला लागली ती ३ वाजून २४ मिनिटांनी.

बार्नाटोकडे गर्नी नटिंगने घडवलेली एक देखणी स्पीड सिक्स कूपे होती. छत मागे निमुळते होत गेलेले, खिडक्या अरुंद चिरांसारख्या, मागे आडवे बसायचे एकच आसन. ही 'ब्लू ट्रेन' बेंटली म्हणून जगभर गाजली. चित्रकार टेरेन्स क्युनिओ यांनी धावत्या आगगाडीशेजारी हीच कूपे रंगवली आणि त्या चित्राच्या प्रती भिंतीभिंतींवर लागल्या. कित्येक दशके कुणाला शंका आली नाही.

मग कुणीतरी तारखा पाहिल्या. शर्यत मार्चमधली आणि कूपे बार्नाटोच्या ताब्यात आली मे महिन्यात. जी गाडी अजून कारागिराच्या कारखान्यात होती, ती आगगाडीशी स्पर्धा कशी करील? बार्नाटोने त्या रात्री चालवली होती ती मलिनरची बॉडी असलेली, दिसायला अगदी साधी, चार दारांची बंद सलून स्पीड सिक्स. कूपेला 'ब्लू ट्रेन' हे नाव शर्यतीच्या आठवणीखातर मिळाले होते. लोकांनी आठवणीलाच साक्षीदार केले. आपल्या इतिहासातही तैलचित्रांनी पाठ्यपुस्तकांची किती मने घडवली आहेत, याचा विचार वाचकांनी स्वतःच करावा. त्यावर मी निराळा धागा लिहिणार आहे.

आता परत न्यायालयात. दोन्ही गाड्या मनात शेजारी शेजारी उभ्या करा. कूपेचे लोखंड खरे, चासी खरी, बॉडी खरी, मालकही खरा. फक्त तिच्याविषयी सांगितली जाणारी गोष्ट खोटी. ओल्ड नंबर वनचे नेमके उलटे. गोष्टीत खोट नाही. प्रश्न आहे तो लोखंडाचा.

न्यायालयापुढे तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. त्यांतल्या एकाने केलेली मोजदाद अशी: १९२९ मध्ये ल मान्स जिंकलेल्या गाडीतले जवळपास काहीच उरलेले नाही, काळ ठरवता येत नाही अशा किरकोळ वस्तू तेवढ्या सोडाव्या. १९३० च्या गाडीतल्या तीन वस्तू आहेत: पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा. अपघात झालेल्या १९३२ च्या गाडीतले मात्र बरेच काही आहे. या तिन्ही वस्तू तर आहेतच, शिवाय ८ लिटरचे इंजिन आणि चासीचा सांगाडा.

तीन वस्तू! १ कोटी पौंडांना. खरेदीदाराच्या वकिलांना याहून अधिक काय हवे होते?

न्यायमूर्ती ऑटन यांनी तरीही निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. त्यांच्या युक्तिवादाचे सार माझ्या शब्दांत सांगतो. ही गाडी ल मान्सची 'मूळ' गाडी आहे, असे म्हणता येणार नाही. १९२९ किंवा १९३० मध्ये धावली ती वस्तू आता अस्तित्वात नाही. पण ही मागाहून जुळवलेली किंवा मेलेल्यातून उठवलेलीही नव्हे. चार हंगाम ती अखंड शर्यतीत होती. भाग बदलले ते एकदम नव्हे. हळूहळू, थोडे थोडे, आणि प्रत्येक नवा भाग आधीच्या समूहात सामावत गेला. कुठल्याही एका क्षणी थांबून पाहिले, तरी समोरची गाडी ओल्ड नंबर वनच होती. या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी बेंटली ना आज आहे, ना पूर्वी होती. आणि ७ एप्रिलला विक्रीस होती ती धातूबरोबर ही कीर्तीसुद्धा. म्हणून ती 'ओरिजिनल' नसली तरी 'ऑथेंटिक' आहे. कलावस्तूंच्या बाजारातला हा शब्द न्यायमूर्तींनी अखंड इतिहास असलेल्या गाडीसाठी योजला.

घरातली गोधडी आठवा. पणजीने शिवलेली, दर काही वर्षांनी विरलेल्या जागी नवे लुगडे लागत गेले. आज तिच्यात पणजीच्या हातचा टाका शोधून सापडणार नाही, तरी ती पणजीची गोधडी आहे. जुने ठिगळ तिथेच असताना नवे त्याला जोडले गेले, म्हणून. तीच गोधडी फाडून टाकली आणि उद्या बाजारातून कापड आणून तशीच हुबेहूब शिवली, तर तिला पणजीची म्हणायला घरातले कोणीही धजावणार नाही. ऑटन यांचा भर बदलाच्या या गतीवर आहे आणि तो मला पटतो.

हा निकाल मराठीत सांगताना मात्र पंचाईत होते. 'ऑथेंटिक'ला आपण चटकन 'अस्सल' म्हणतो. पण 'अस्सल' हा शब्द अरबी 'अस्ल' म्हणजे मूळ यावरून आलेला, आणि दप्तराच्या परिभाषेत अस्सल म्हणजे 'ओरिजिनल'. त्याच्या विरुद्ध नक्कल. न्यायमूर्तींनी ज्या दोन कल्पना विलग केल्या, त्या दोन्ही आपण एकाच शब्दात कोंबल्या आहेत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, तेव्हापासून मराठी इतिहासलेखनात अस्सल कागदाचा दरारा आहे आणि तो योग्यच आहे. तरी दप्तरात काम केलेला कुणीही सांगेल, की मूळ पत्र नष्ट झालेले असते आणि त्याची त्याच काळात, त्याच कचेरीत उतरवून घेतलेली नक्कल पूर्ण विश्वसनीय असते. उलट एखादा कागद दोनशे वर्षांचा, शाई जुनी, आणि त्यातला मजकूर कुणा वतनदाराने वादासाठी रचलेला, हेही घडते. 'मूळ' आणि 'विश्वसनीय' हे दोन निरनिराळे गुण आहेत. मला हा फरक राजवाड्यांच्या प्रस्तावनांपेक्षा एका मोटारीच्या खटल्याने अधिक स्वच्छ समजला, हे कबूल करतो.

प्रशासनाचा काटा याहून वेगळा. ब्रिटनमध्ये बरीच वर्षे मोठे फेरफार केलेल्या गाडीसाठी गुणपद्धती होती. मूळ चासीला ५ गुण, इंजिनाला १, गिअरबॉक्सला २, स्टिअरिंगला २, सस्पेन्शनला २, पुढच्या-मागच्या आसांना मिळून २. जुना क्रमांक टिकवायचा तर किमान ८ गुण हवेत. १९३० ची गाडी प्रमाण धरून ओल्ड नंबर वनला गुण द्यायचे म्हटले, तर गिअरबॉक्सचे नुसते कवच म्हणजे अख्खा गिअरबॉक्स आणि नुसता दांडा म्हणजे अख्खे स्टिअरिंग, असे सढळ हाताने धरूनही ४ होतात. नापास.

आणि आपल्याकडे? जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी हवी. ती मूळ रूपात जपलेली हवी आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. पात्र ठरली तर क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे मिळतात. महाराष्ट्रात एमएच व्हीए. मुंबई-पुण्याच्या व्हिंटेज रॅलींत दिसणाऱ्या गाड्यांपैकी किती या चाळणीतून जशाच्या तशा पार पडतील, हे त्यांचे मिस्त्रीच जाणोत. जगातली सर्वांत कीर्तिमान बेंटली, नियम शब्दशः लावला तर, आपल्या आरटीओच्या लेखी व्हिंटेज ठरणार नाही.

मला हे विसंगत वाटत नाही. आरटीओला वस्तू मोजायची आहे, न्यायालयाला करार तोलायचा होता. प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरे वेगळी.

माझी तक्रार निराळी आहे आणि ती निकालापेक्षा निकालानंतरच्या सांगण्यावर आहे. गेली तीसेक वर्षे या खटल्याची गोष्ट सांगताना सगळे ल मान्सवर थांबतात: दोनदा जिंकलेली गाडी, बार्नाटो, हिरे, शँपेन. १ कोटी पौंडांची किंमत लागली ती त्या दोन विजयांची. पण साक्षीतली यादी पुन्हा वाचा. १९२९ चे जवळपास काहीच नाही. १९३० चे तीन तुकडे. आणि १९३२ चे? सांगाडा आहे, इंजिन आहे. म्हणजे आज त्या गाडीत हात लावता येईल असे जे सर्वांत मोठे लोखंड आहे, त्याने ल मान्स कधी पाहिलेच नाही. त्याने पाहिली ती ब्रुकलँड्सची तिरपी भिंत, २४ सप्टेंबरची दुपार आणि चाकावर बसलेला क्लाइव्ह डनफी.

मालकीची यादी लिहिताना शर्यतींचे विजेते, बार्नाटो, मागाहूनचे खरेदीदार यांची नावे येतात. क्लाइव्ह गाडीचा मालक नव्हता, त्यामुळे त्या यादीत त्याला रकाना नाही. मोठ्या भावाने दिलेल्या चाकावर तो थोडा वेळच बसला. तरी तो सांगाडा आणि ते इंजिन ज्या माणसाला ओळखत होते, तो हाच.